पाणसळ

ग्रामपंचायतीनं काम दिलं हरिपूरचं.
पाणी जिथवर येऊन थांबलं
तिथं तिथं रेघ मारायची.
निळा ऑइलपेंट, दोन इंची पट्टा, खाली साल.
रेघेमागं चाळीस रुपये,
ब्रश माझा, शिडी माझी,
पाणसळीचं दुसरं टोक धरायला
मेव्हण्याचा पोरगा इलाही.

आवटी सर फळ्यावर एक ठिपका द्यायचे
आणि विचारायचे, हे काय?
चांदणी. माशी. तीळ. देवीचा व्रण.
सर म्हणायचे, नाही रे,
इथं खडू थांबला होता. बास.

एलिमेंटरीच्या आधी त्यांनी आम्हाला पेवावर नेलं.
वरून बघितलं तर घागरीच्या तोंडाएवढं गोल,
आत अख्खी खोली, पोटाकडं फुगलेली,
हळद काढून नेलेली, वास तेवढा मागं ठेवलेला.
दोरीला कंदील बांधून हमाल आत सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही.
सर म्हणाले, काढा.
काय काढू, सर? आत काही नाही.
तेच काढा.

मी अख्खा कागद काळा केला,
मधी कंदिलाएवढी जागा सोडली.
परीक्षेत मात्र तांब्या आला आणि सी ग्रेड.
पुढं मग नंबरप्लेटी,
उसाच्या ट्रॉल्यांवर मोर,
दुकानांच्या पाट्या:
दस्तगीर पेंटर, खाली मोबाईल नंबर.

आता भिंतींना हात लावत फिरतो.
गाळ वाळला की आधी रेशीम, मग खपली,
मग बोटाला पीठ.
डोळे मिटून सांगतो इलाहीला,
इथवर होतं.
तरी पाणसळ लावतोच.
नळीतलं वीतभर पाणी
खांबावरची खूण वाचतं
आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला
तेवढ्याच उंचीवर गप उभं राहतं.
पाण्याला पाण्याचं विचारावं लागतं, आपलं कुठं चालतंय.

पद्मावती आरवाडे दारात उभ्या.
रेघ त्यांच्या भुवईला येत होती.
म्हणाल्या, हातभर खाली मार की.
वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्यात.
बघायला येतो तो आधी रेघ बघतो,
मग जिना बघतच नाही.

मी नळी दाखवली.
त्या नळीकडं बघत बसल्या,
जुनं भांडण असलेल्या भावकीतल्या माणसाकडं
बघावं तसं.

मग म्हणाल्या, पिवळा आहे का?

पिवळा. कुठला, बाई?
राजापुरीचा, का सेलमचा?
ओल्या गड्ड्याचा, केशरीकडं झुकलेला?
का पेवात चार पावसाळे काढलेल्या हळदीचा,
जरा आतल्या आत बोलणारा?
तो शेवटचा, त्या म्हणाल्या.
हा बाजारात तयार मिळत नाही.
पिवळ्यात काव टाकली, चिमूटभर काजळ,
तीनदा उन्हात नेऊन बघितला.

खूण होती तिथंच ठेवली. सुताएवढीही हलवली नाही.
खुणेखाली अख्खी भिंत पिवळी केली,
वर चुना तसाच.
रेघ मारलीच नाही.
दोन रंग भेटले तिथं ती आपोआप उभी राहिली,
दोघांपैकी कुणाचीच नसलेली.

संध्याकाळी पंचायतीचा माणूस आला वही घेऊन.
रेघ कुठाय?
म्हटलं, बघा की.
त्यानं कडेवर नख फिरवलं,
इकडून पिवळं लागलं, तिकडून पांढरं.
निळा पट्टा नाही, साल नाही.
वहीत फुली मारली.

चाळीस गेले.
इलाही शिडी घेऊन पुढं निघालेला.
नळी गुंडाळताना पाणी ओतून टाकणार होतो,
राहू दिलं.

मागं बघितलं तर
बाई पिवळ्याला पाठ लावून उभ्या,
केसांच्या भांगाएवढ्या
चुन्यात गेलेल्या.